म्याडम, ‘उघडलं’ म्हणजे नेमकं काय काय उघडलं?

मागच्या अंकात संपादकांनी चौकट टाकली होती की कोरोनानंतर काय सुरू झालंय, काय बंद आहे, कुठली मदत कुठं मिळते ते विचारा, तहसीलमधल्या नायब तहसीलदार म्याडम, म्हणजे मी, उत्तरं देतील. मला वाटलं चार-दोन पोस्टकार्डं येतील. पण व्हॉट्सॲपवर एवढे प्रश्न आले की फोन गरम व्हायला लागला, त्यात निम्म्या व्हॉइस नोट, काहींच्या मागं मळणीयंत्र चालू, त्या तीन-तीनदा ऐकल्या. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केलेत. आणि हे सगळं डिसेंबर २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यातलं आहे. २ तारखेला कर्नाटकात ओमिक्रॉन सापडला, ४ ला आपल्या डोंबिवलीत, त्यामुळं उद्या आदेश बदलला तर हे पान दाखवून माझ्याशी भांडू नका, तहसीलच्या बोर्डावर नवीन कागद चिकटवलेला असतो तो बघा.

प्रश्न : दुकान किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं ते एकदाचं सांगा. कुणी चार म्हणतं, कुणी दहा, कुणी अकरा. परवा एकजण म्हणला आता बारा.
— किराणा दुकानदार, माजलगाव

दादा, सगळे खरंच बोलायलेत, फक्त वेगवेगळ्या महिन्यातलं. ७ जूनपासून राज्यात पाच स्तर केले होते, टेस्टमधी शेकडा किती पॉझिटिव्ह निघतात आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेत त्यावर जिल्ह्याचा स्तर ठरायचा, मग जूनच्या शेवटी डेल्टा प्लसच्या धास्तीनं सगळा महाराष्ट्रच किमान तिसऱ्या स्तरात टाकला, तिथून ते चारचं शटर आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला २५ जिल्ह्यांना रात्री आठपर्यंत सूट मिळाली पण ११ जिल्हे मागं ठेवले, त्यात मराठवाड्यातला एकटा आपला बीड होता. तवा आपले व्यापारी तहसीलला येऊन लई तापले होते, की परभणीचा माणूस आठपर्यंत दुकान चालवतो आणि आमी चारला कुलूप लावायचं, मधी फक्त गोदावरी आहे, कोरोनाला पोहता येत नाही का. माझ्याकडं उत्तर नव्हतं, आदेश मुंबईहून येतो आणि आमी तो वाचून दाखवतो एवढंच. पुढं १५ ऑगस्टपासून दहा झाले, ऑक्टोबरात दुकानाला अकरा आणि हॉटेलला बारा झाले.

आता २७ नोव्हेंबरच्या आदेशानं कोरोनाची म्हणून वेगळी वेळ राहिलेली नाही. तुमच्या गावात कायद्यानं जी नेहमीची वेळ तीच. पण त्याच आदेशात दुसरी मेख आहे. दुकानात काम करणारे आणि गिऱ्हाईक दोघांचे दोन डोस होऊन १४ दिवस झालेले पाहिजेत. मास्क नसलेल्याला ५०० रुपये दंड, आणि तसं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात सापडलं तर तुम्हाला १०,०००. दुकानानंच नियम मोडला तर ५०,०००. पाच रुपयाची चहापत्तीची पुडी घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याचं सर्टिफिकेट कोण बघणार हे मला पण कळतं, पण दारात एक मास्कचा डबा ठेवा, एक मास्क एक-दोन रुपयात पडतो, दहा हजारापेक्षा स्वस्त.

प्रश्न : पोरीचं लग्न शेतात मांडव टाकून करायलोय. किती माणसं चालतील?
— शेतकरी, वडवणी तालुका

बंदिस्त हॉलमधी हॉलच्या क्षमतेच्या ५० टक्के, मोकळ्या जागेत क्षमतेच्या २५ टक्के. आता तुमच्या शेताची क्षमता किती हे विचारू नका, ते ठरवायचा अधिकार स्थानिक आपत्ती व्यवस्थापनाला आहे म्हणजे फिरून आमच्याकडंच. माणसं हजाराच्या वर जाणार असतील तर आधी कळवावं लागतं. मंडळ अधिकाऱ्याला साध्या कागदावर तारीख, गट नंबर आणि अंदाजे माणसं लिहून द्या, पोहोच घ्या. आचारी, बँडवाले, मांडववाले यांचे डोस झालेत का ते आधीच विचारा, तपासायला गेलं की नेमके तेच सापडतात. वऱ्हाड बाहेरच्या राज्यातून येणार असेल तर त्यांचे दोन डोस किंवा ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर लागते. प्रायव्हेट लॅबमधी जाऊन केली तर ३५० रुपये असा सरकारी दर आताच ठरलाय, घरी बोलावलं तर ७००. त्याच्यावर पैसे मागितले तर पावती मागा, बहुतेक तिथंच दर उतरतो.

प्रश्न : आमचे मालक एप्रिलमधी वारले. दवाखान्यातून घरी आणल्यावर बाराव्या दिवशी गेले. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेलं न्हाई. गावातले म्हणतात तुला ५० हजार मिळत न्हाईत. एकजण म्हणतो पाच हजार दे, करून देतो. आणि दीर सही देईना.
— एक बहीण, केज तालुका

ताई, तुमच्यासारखे प्रश्न सगळ्यात जास्त आले म्हणून याला जागा जास्त देतेय.

कोरोनात माणूस गेलेल्या घराला मिळणाऱ्या या ५० हजारावर सुप्रीम कोर्टानं ४ ऑक्टोबरला शिक्कामोर्तब केलं आणि आपल्या सरकारचा निर्णय २६ नोव्हेंबरला निघाला. त्यात साफ लिहिलंय की टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत माणूस गेला असेल, मग तो दवाखान्यात जावो की घरी, तो कोरोनाचाच मृत्यू धरायचा. दवाखान्यात ३० दिवसांपेक्षा जास्त ॲडमिट राहून तिथंच गेला असेल तरी धरायचा. कोरोना झाल्याच्या धसक्यानं ३० दिवसांच्या आत कुणी आत्महत्या केली असेल तर ती पण धरायची, हे फार कमी लोकांना माहितीय. आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही. तुमचे मालक घरी आणल्यावर बाराव्या दिवशी गेले, पॉझिटिव्ह रिपोर्टच्या तारखेपासून मोजून तो दिवस ३० दिवसांच्या आत येत असेल तर तुम्ही बसता.

कागद हे लागतात, तुमचं आधार, तुमच्या बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक, मालकांचं आधार, मृत्यूचा दाखला, आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट. काहींकडं नुसता सिटीस्कॅन आहे कारण तवा आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला पाच-पाच दिवस लागायचे आणि डॉक्टर स्कोअर बघूनच ॲडमिट करायचे, अशांनी सिटीस्कॅनसोबत डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, जे असेल ते सगळं जोडा. अर्ज फेटाळला तरी गप बसू नका, जिल्ह्याला तक्रार निवारण समिती आहे, तिथं परत मांडता येतं, आणि दवाखाना कागद देत नसेल तर तो मागवून घ्यायचं काम त्या समितीचं आहे.

दिराचं. नवरा वारल्यावर त्याचे वारस म्हणजे बायको, लेकरं आणि त्याची आई. तुम्ही असताना भाऊ त्यात येत नाही. बाकीच्या वारसांची हरकत नाही असं स्वयंघोषणापत्र लागतं, म्हणजे सासूबाई हयात असतील तर त्यांचं. दिराच्या सहीसाठी थांबू नका, सासूबाईंशी बोला. मला माहितीय की सासू दिराकडंच राहते आणि प्रश्न तिथंच अडकलेला असतो, असं असेल तर सोमवारी या, दोघींना समोरासमोर बसवून चहा पाजते, बहुतेक वेळा जमतं.

आणि ते पाच हजारवाले. अर्ज ऑनलाइन आहे, सरकारी फी शून्य. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यावर येतात, मधी कुणाच्या हाताला लागत नाहीत. नेट कॅफेवाल्याला फॉर्म भरायचे जे काय पन्नास-शंभर ते द्या, त्याचा पण वेळ जातो, पण ‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, तुमचा नंबर तसाही लागणारच असतो, तो फक्त आपण केलं म्हणून सांगतो. मोबाईलवर आलेला ओटीपी मात्र तुमच्याच फोनवर, तुमच्याच समोर टाकायचा.

परवा माझ्या टेबलावर एका मावशीनं साडीच्या दुकानाची पिशवी उपडी केली. आधार, रिपोर्ट, मेडिकलची बिलं दोऱ्यानं बांधलेली, सिटीस्कॅनचा तो मोठा पिवळा लिफाफा मधोमध दुमडलेला, आणि रेमडेसिव्हिरचं रिकामं खोकं. म्हणलं मावशी हे काहून आणलं. तर म्हणल्या, “तिकडं कुणी म्हणलं इंजेक्शन दिलंच न्हाई, तर दाखवायला.” तेवढं खोकं मी परत पिशवीत ठेवलं, बाकी सगळे कागद लागले. घरातलं काहीच फेकून देऊ नका, बिलाच्या मागं डॉक्टरनं लिहिलेली तारीख सुद्धा कामाला येते. आणि नावं बघा, रिपोर्टवर ‘बाबू’ आणि आधारवर ‘बाबासाहेब’ असं असेल तर एकच माणूस असल्याचं शपथपत्र करून ठेवा.

५० हजार एकदाच मिळतील. दर महिन्याचं बघायचं असेल तर संजय गांधी निराधारचा अर्ज वेगळा करा. वार्षिक उत्पन्न २१ हजाराच्या आत पाहिजे, महिन्याला १,००० रुपये, एक लेकरू असेल तर १,१००, दोन असतील तर १,२००. कमीच आहेत, पण गॅसची टाकी येते. मिशन वात्सल्य नावाची समिती आता तालुक्यातच आहे, तहसीलदार तिचे अध्यक्ष, कोरोनात नवरा गेलेल्या बायांची यादी करून रेशनकार्ड, वारस नोंद, निराधार हे एकाच जागी करायचं असं तिचं काम. तुमचं नाव यादीत आहे का हे अंगणवाडीताईला विचारा, यादी त्याच करायलेत.

प्रश्न : बहीण आणि मेहुणे दोघं गेले. दोन भाचरं माझ्याकडं आहेत, मोठी ११ वर्षाची, धाकटा ७ चा. काय मिळेल?
— मामा, परळी तालुका

दोन्ही पालक गेलेल्या लेकरांसाठी राज्य सरकार प्रत्येकाच्या नावावर ५ लाखाची ठेव ठेवतं, आणि केंद्राच्या पीएम केअर्समधून वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख मिळतात, १८ नंतर त्यातूनच दरमहा काही रक्कम. हाताशी लागणारे पैसे म्हणजे बालसंगोपन योजनेचे, दर लेकरामागं महिन्याला १,१०० रुपये. तुम्ही महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात बालकल्याण समितीसमोर लेकरांना घेऊन जायचं, तिथं त्यांचा ताबा कागदावर तुमच्याकडं येतो, ते झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. एकच पालक गेला असेल तरी बालसंगोपन मिळतं हे बाकीच्या वाचकांनी लक्षात ठेवा. अडचण आली तर १०९८ हा लेकरांसाठीचा नंबर फिरवा, चोवीस तास चालू असतो. आणि मामा, मेहुण्यांची जमीन असेल तर सातबाऱ्यावर लेकरांची नावं आधी चढवा, तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्या. हे मी जास्त बोलून दाखवत नाही, तुम्हाला कळलं असेल काहून म्हणायलेय ते.

प्रश्न : शेजाऱ्याला राशन फुकट आणि आम्हाला न्हाई. आमची जमीन पण तेवढीच. दुकानदार खातोय का?
— धारूर

या प्रश्नात दुकानदार सुटतो, बरं का. तुमचं कार्ड केशरी आणि शेजाऱ्याचं पण केशरीच असेल, तरी त्याच्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असणार. मोफतचं धान्य, माणशी ५ किलो, ते अन्नसुरक्षा कायद्यातल्या लोकांसाठी, म्हणजे अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब, आता मार्च २०२२ पर्यंत वाढवलंय. तुम्ही असणार एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचे शेतकरी. २०१५ पासून आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत, अमरावती विभागात आणि वर्ध्याला, शेतकरी आत्महत्यांचे जिल्हे म्हणून, एपीएल केशरी शेतकऱ्याला पण माणशी ५ किलो मिळतं, गहू २ रुपयानं आणि तांदूळ ३ रुपयानं. ते तुमचं चालूच आहे, पण ती योजना राज्याची, त्यात मोफतचं येत नाही. न्याय आहे का हे वेगळं. शिक्का बदलायचा अर्ज पुरवठा शाखेत करता येतो, पण तालुक्याला इष्टांक, म्हणजे किती माणसं बसवायची तो आकडा, ठरलेला असतो, कुणाचं नाव कमी झालं तरच दुसऱ्याचं बसतं, म्हणून लगेच होईल असं खोटं सांगत नाही.

दुकानदार पावती मात्र देतो का बघा. मशीनमधून निघालेल्या पावतीवर किती किलो ते छापून येतं, तेवढं पोत्यात पडलं पाहिजे. न पडल्यास पावतीचा फोटो मला पाठवा.

प्रश्न : पोरगा नि सून ऊसतोडीला बेळगावकडं गेलेत, गुढीपाडव्याला येतील. लशीचा दुसरा डोस हितं राहिला. राशन माझ्या एकटीचंच उचलते मी, त्यांचं तिकडं मिळल का? नातरं माझ्यापशी हायेत.
— एक आजी (नातवानं टाईप करून पाठवलं), शिरूर कासार तालुका

आजी, नातवानं छान टाईप केलंय, त्याला सांगा.

दुसरा डोस कुठंही मिळतो. कोविशिल्ड असेल तर पहिल्या डोसपासून ८४ दिवस, कोव्हॅक्सिन असेल तर २८ दिवस झाले की तिथल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात, कर्नाटकात सुद्धा, फुकट. फक्त ज्या मोबाईल नंबरवर पहिला डोस नोंदवला तोच नंबर आणि तेच आधार द्यायचं. आता इथं खरी गोम आहे. गणपतीच्या सुमारास आमी गावोगाव कॅम्प लावले तवा टोळ्यांतल्या बऱ्याच कोयत्यांकडं, म्हणजे तोडणी कामगारांकडं, स्वतःचा फोन नव्हता, मग मुकादमाचा नंबर टाकला, एका नंबरवर चार माणसं बसतात, पाचवा आला की दुसऱ्या मुकादमाचा. आता ओटीपी मुकादमाच्या फोनवर जातो, मुकादम एका फडात आणि टोळी दुसऱ्या फडात. कॅम्पला वेळ निभवायची म्हणून आमीच ते केलं, चूक आमची आहे. त्यामुळं पोराला म्हणा डोस घ्यायला जायच्या दिवशी मुकादमाला फोन करून ओटीपी लगेच विचारून घे. नवीन नंबर टाकून घेतलास तर कम्प्युटर दोन्हीला ‘पहिला डोस’च म्हणतो, आणि मग सर्टिफिकेट दुरुस्त करायला परत कम्प्युटरवाल्याच्या दारात.

राशनचं, वन नेशन वन रेशन कार्ड सुरू आहे. कार्डाचा १२ अंकी नंबर पोराजवळ पाहिजे, कार्ड नेलं नाही तरी चालतं, नंबर सांगून मशीनवर अंगठा लावला की तिथल्या दुकानात मिळतं. त्यांच्या वाट्याचं ते तिकडं उचलू शकतात आणि तुमच्या नि नातवंडांच्या वाट्याचं तुम्ही इथं, एकाच कार्डावर. फक्त एक करायचं, तुम्ही इथं महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांचं उचललंत की त्यांना तिकडं शिल्लक शून्य दिसणार, म्हणून आधी बोलून ठरवा. दुकानदार नाही म्हणला तर १४४४५ वर फोन.

अंगठ्याचं पण सांगते. कोयता धरून धरून अंगठ्याच्या रेषा राहात नाहीत, मशीन तीनदा लाल होतं आणि दुकानदार म्हणतो उद्या या. फडावरच्या माणसाला उद्या नसतो. अंगठा लागत नसेल तर दुसरं बोट लावून बघा, करंगळीजवळच्या बोटाच्या रेषा बहुतेक शाबूत असतात, आधारला दहाही बोटं घेतलेली आहेत. हात धुवून, थोडं तेल लावून पुसून मग ठेवा. हे मला कुठल्या जीआरमधून नाही, एका रेशन दुकानदारानं शिकवलं.

नातवंडांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालू झालंय का ते मुख्याध्यापकांना विचारा, तोडीला गेलेल्यांच्या लेकरांचं दोन्ही वेळचं जेवण त्यातून होतं, शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते.

प्रश्न : औरंगाबादला लशीशिवाय पेट्रोल पण देईनात म्हणे. आपल्याकडं पण होणार का?
— रिक्षावाला, अंबाजोगाई

तो तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांचा नोव्हेंबरातला आदेश आहे, पेट्रोल, गॅस, राशन घ्यायला किमान एक डोस पाहिजे असा, कारण तिथं लसीकरण राज्याच्या मानानं लई मागं पडलं होतं. तो त्यांच्या जिल्ह्यापुरता. तुम्ही तिकडं भाडं घेऊन जाणार असाल तर सर्टिफिकेट खिशात ठेवा. रिक्षात मात्र आपल्याकडं पण नियम आहे, विनामास्क पॅसेंजर बसवला तर ५०० त्याला आणि ५०० तुम्हाला.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पेट्रोलचं एकवेळ समजू शकते, राशनला लस जोडणं मला जड जातं. जी म्हातारी लस घ्यायला घाबरते तिच्या घरी जाऊन तासभर बसावं लागतं, तिचं धान्य अडवून ती फक्त लपून राहते. घरोघरी जाऊन लस द्यायच्या हर घर दस्तक मोहिमेत आमी हेच करायलोत, आशाताई पुढं आणि मी मागं, एका वस्तीवर तर म्हातारी म्हणली आधी तू सुई टोचून घे. माझे दोन्ही झालेत म्हणून सर्टिफिकेट दाखवलं तर म्हणली “मला वाचता येत न्हाई.” तिच्या सुनेनं वाचून दाखवलं तवा कुठं हात पुढं केला.

प्रश्न : शाळा सुरू झाली पण एसटी बंद. नववीत आहे, शाळा नऊ किलोमीटर.
— विद्यार्थिनी, पाटोदा तालुका

बाळा, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग ४ ऑक्टोबरला सुरू झाले, पहिली ते चौथी १ डिसेंबरला, आणि नेमका त्याच काळात कर्मचाऱ्यांचा संप. त्यांची मागणी मोठी आहे, एसटी महामंडळ सरकारात विलीन करायची, पगारवाढ जाहीर झाली तरी बरेच डेपो बंद आहेत, आणि पोरींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या गाड्या पण एसटीच्याच म्हणून त्या पण उभ्या. शाळेत येऊ शकली नाहीस म्हणून नाव कमी करता येत नाही, हजेरीची सक्ती नाही, पालकांच्या संमतीनंच यायचंय. तुझ्या गावातून त्या शाळेत किती पोरी जातात ती नावं लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज कर, एक प्रत मला दे. एका गावानं वर्गणी काढून क्रूझर लावलीय, तसं तुमच्या सरपंचांशी बोलून बघते. काळीपिवळीत मागं लटकून मात्र जाऊ नकोस, आई-बाबांना पण सांग म्याडम म्हणल्या.

प्रश्न : अतिवृष्टीचे पैसे अजून आले न्हाईत. 
— पुष्कळजण

मला माहिती होतं की कोरोनाचं विचारा म्हणलं तरी हे येणार. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात गुलाब वादळानं जे केलं ते मी पण पाहिलंय, सोयाबीनच्या गंजी वाहत जाताना. जिरायतीला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५ हजार, बहुवार्षिकला २५ हजार, दोन हेक्टरपर्यंत. याद्या बँकेत गेल्यात. ज्यांचं आलं नाही त्यांच्यात जास्तीत जास्त लोकांचा खाते नंबर चुकलाय किंवा आयएफएससी जुना आहे, बँका एकमेकांत गेल्या आणि कोड बदलले. नवीन पासबुकाची झेरॉक्स तलाठ्याला द्या. पुढचं पुढच्या अंकात, संपादक रागावतील.

प्रश्न : शिवभोजन थाळी अजून फुकट आहे का? 
— बसस्टँडवरचा हमाल, गेवराई

नाही, एप्रिलमधी फुकट केली होती, ऑक्टोबरपासून परत १० रुपये. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. लवकर जा, केंद्राला थाळ्यांचा आकडा ठरलेला असतो, संपल्या की संपल्या.

प्रश्न : वडील कोरोनातून वाचले पण आठ महिने झाले दम लागतोच. प्रायव्हेटला दीड लाख घातलेत, ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून परत मिळतील का? 
— वाचक, आष्टी

भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत, ती योजना कॅशलेस आहे, ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राकडं नोंद करावी लागते. मे २०२० पासून ती राज्यातल्या सगळ्यांना लागू झाली, पांढरं कार्डवाल्याला सुद्धा, हे दुसऱ्या लाटेत कितीजणांना माहिती होतं देव जाणे. तुमचा दवाखाना योजनेत होता आणि तरी पैसे घेतले असतील तर १५५३८८ वर तक्रार करा. दम लागण्याचं अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला छातीच्या ओपीडीत दाखवा, आणि टीबीची पण तपासणी करून घ्या, कोरोनाच्या नादात तो खोकला मागं राहून जातो.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत विलगीकरण कक्ष होता. गाद्या अजून चौथीच्या वर्गात आहेत, लेकरं व्हरांड्यात बसायलेत. गाद्या कुणाच्या, कुणी उचलायच्या?
— शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, बालाघाट डोंगरातलं एक गाव

हा प्रश्न वाचून मी त्याच दुपारी गाडी काढली, कारण तो कक्ष मीच सुरू केला होता. एप्रिलमधी तालुक्याला बेड शिल्लक नव्हता, गावकऱ्यांना म्हणलं जागा शाळा देईल, गोळ्या आरोग्य केंद्र देईल, अंथरूण तुम्ही द्या. संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरनं गाद्या आल्या. कुणी लग्नातली दिली, कुणी मंडपवाल्याकडून आणली, एकानं दुकानातल्या गल्ल्याखालची दिली. मी तवा घाईत रजिस्टर केलं ते अर्धंच. कोरोनामुक्त गाव स्पर्धेत भाग घ्यायचा म्हणून जुलैत कक्ष बंद केला, वर्गाला कुलूप लावलं, आणि गाद्या आत तशाच.

परवा कुलूप काढलं तर उंदरांनी दोन फाडलेल्या, कापूस फरशीभर. भिंतीवर अजून खडूनं पेशंटची ऑक्सिजन लेव्हल लिहिलेली, ९४, ९३, ९५, आणि खाली लेकरांच्या जुन्या फळ्यावर सातचा पाढा.

तर असं ठरलंय. ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि मी तिघांच्या सहीनं पंचनामा झाला. खराब गाद्या जाळल्या. चांगल्या दोन दिवस उन्हात टाकल्यात, वर्ग एक टक्का हायपोक्लोराइटनं पुसून घेतलाय, भिंतीला चुना शनिवारी. ज्यांच्या गाद्या आहेत त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा शाळेत या, ओळख पटवा, रजिस्टरला सही करा आणि न्या. मंडपवाल्याच्या चार आहेत, त्या बाजूला काढल्यात. ज्यांना परत नकोत, कारण घरातलं माणूस त्याच गादीवर होतं आणि पुढं आलं नाही, त्यांनी यायची गरज नाही, ग्रामसेवकाला निरोप दिला तरी चालेल, त्या गाद्या हंगामी वसतिगृहाच्या लेकरांना जातील. रजिस्टरमधी चौदा नंबरपुढं नाव नाही, निळ्या चौकड्याची, एका कोपऱ्याला ठिगळ. ज्यांची असेल त्यांनी सांगा.